साडेबारा व्होल्ट

मीटरवर साडेबारा व्होल्ट होते आणि गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, लागत नव्हता. मेकॅनिक गाडीखाली आडवा झाला होता. सेल्फ चालू करणाऱ्या विजेच्या चुंबकावर, म्हणजे सोलेनॉइडवर, येणारी बारीक वायर त्याने खेचून काढली होती, तिच्या टोकाला मीटरची लाल पिन टेकवली होती आणि काळी इंजिनच्या धातूला. त्याने सांगितलं तसा मी क्लच दाबला आणि किल्ली शेवटपर्यंत फिरवली. "साडेबारा येतायत, ताई," खालून आवाज आला. "सप्लाय ओके आहे. सेल्फच गेलाय. नवीन टाकून देऊ." त्याच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. वीज दारापर्यंत येते, आत काम होत नाही, म्हणजे दोष आतला. मग त्याने वायर परत खोचली, मी सहज किल्ली फिरवली, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. "बघा, सेल्फमधले कार्बनचे ब्रश अडकत असणार," तो कपड्याला हात पुसत म्हणाला. "कधी लागेल, कधी नाही." हेही पटण्यासारखंच होतं. मी "जरा थांबू या" म्हटलं आणि निघाले, पण तो आकडा काही डोक्यातून जाईना. साडेबारा व्होल्ट मिळूनही जो हलला नाही, तो वायर नुसती काढून घातल्यावर का हलला?

कायमचा बिघाड परवडतो. तो जागेवर बसून असतो, तुम्ही जाल तेव्हा भेटतो. हा तसा नव्हता. सकाळी थंड गाडी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची. बराच वेळ चालवून इंजिन चांगलं तापलं, गाडी बंद केली आणि थोड्या वेळाने परत किल्ली फिरवली, की कधीतरी नुसतं 'टिक' व्हायचं. डॅशबोर्डवरचे दिवे नेहमीसारखे, पेट्रोलच्या पंपाची बारीक गुणगुण नेहमीसारखी, आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी हात आपोआप किल्ली जास्त जोरात फिरवतो. कान त्या एका आवाजासाठी टवकारलेले असतात. आणि गाडी लागली, की इतकं हायसं वाटतं की कारण शोधायचं मागे पडतं. निवांतपणी बॉनेट उघडावं तर सगळं जागच्या जागी, स्वच्छ, निर्दोष.

'बॅटरी बदल' हा सल्ला सगळ्यांत आधी येतो आणि तो द्यायला गाडी बघावी लागत नाही. खरं तर बॅटरीचं काय ते हेडलाइट सांगतात. हेडलाइट लावून सेल्फ मारला आणि दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा सेल्फ भलताच करंट ओढतोय. दिवे जसेच्या तसे राहिले, तर मोठा करंट वाहायला सुरुवातच झालेली नाही. माझ्या गाडीचा समोरच्या भिंतीवरचा उजेड जरासुद्धा कमी होत नव्हता. बॅटरी १२.६ व्होल्टवर होती, म्हणजे पूर्ण भरलेली. धडधाकट बॅटरी सेल्फ फिरत असतानाही सहसा साडेनऊच्या खाली जात नाही. ही तर बाराच्या खाली उतरतच नव्हती. तिच्याकडे कुणी काही मागतच नव्हतं.

बाबांच्या जुन्या गाडीच्या डिकीत लोखंडी हँडल असायचं. ग्रीस आणि गंज यांचा मिळून एक वास त्याला होता, आणि तो हाताला लागला की दिवसभर जात नसे. बंपरमधल्या भोकातून ते आत सारायचं, क्रँकच्या खाचेत बसल्याचं हाताला कळायचं, आणि मग खालून वर एक हिसका. हँडल गाडीत असताना मला त्याला हात लावायची मुभा नव्हती, पण ते जमिनीवर ठेवलेलं असताना बाबांनी माझी बोटं धरून मला पकड शिकवली होती. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनने उलटा झटका दिला तर हँडल मागे फिरतं, आणि अंगठा मध्ये आला तर गेला. हात मोडल्याच्या गोष्टी त्या पिढीतल्या बहुतेक ड्रायव्हरांकडे होत्या. मला त्या हँडलची भीती वाटायची आणि तरी ते फार आवडायचं, कारण त्यात लपवालपवी नव्हती. हाताला इंजिनचा दाब लागायचा, कुठे अडतंय ते खांद्याला समजायचं.

त्या हँडलमधून माणसाची सुटका केली ती चार्ल्स केटरिंगने. त्याने तयार केलेला विजेवरचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी तो कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत होता आणि त्या यंत्राला त्याने विजेची मोटर बसवली होती. मोटर फक्त क्षणभर फिरायची असेल तर ती लहान ठेवता येते आणि तेवढ्यापुरता तिच्यावर तिच्या ऐपतीबाहेरचा भार टाकता येतो, हे त्याच्या हाताखालून गेलेलं होतं. आजचा सेल्फही याच हिशेबावर चालतो. शंभर-दोनशे अँपिअर ओढायचे, इंजिन ढकलायचं आणि लगेच थांबायचं. म्हणून तर एका दमात दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये, मध्ये त्याला निवू द्यावं.

आता एवढा करंट काही किल्लीतून नेता येत नाही. म्हणून गाडीत दोन वाटा असतात. एक जाड केबलची, बॅटरीपासून थेट सेल्फपर्यंत. दुसरी बारीक वायरची, आणि सगळं नाटक या दुसरीतच घडतं. किल्ली फिरली की थोडासा करंट क्लचखालच्या स्विचमधून रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचच्या, कॉइलमध्ये जातो. (ऑटोमॅटिक गाडीत क्लचऐवजी गिअर पार्कमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये आहे ना, हे बघणारा स्विच असतो, नव्या गाड्यांत मध्ये कंप्युटर आणि इमोबिलायझरही परवानगी देत बसलेले असतात.) कॉइलचा चुंबक होतो, रिलेचे पॉइंट जुळतात, त्यांतून जरा मोठा करंट सोलेनॉइडला जातो. सोलेनॉइड मग एकाच हिसक्यात दोन कामं करतो. लहान दातेरी चाक पुढे सारून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दात्यांत अडकवतो आणि जाड केबलचे पॉइंट जोडतो. दुबळ्या करंटने ताकदवान करंटला हाक मारायची ही रीत तारायंत्राच्या काळातली. जोसेफ हेन्रीने १८३५ च्या सुमारास रिलेची कल्पना प्रत्यक्षात आणली होती. रिलेच्या पायांवरचे आणि सोलेनॉइडवरचे आकडे जर्मन मानकातून, डीआयएन ७२५५२ मधून आले: ३० म्हणजे बॅटरीची सतत चालू लाइन, ८५ आणि ८६ रिलेच्या कॉइलची दोन टोकं, ८७ रिलेतून बाहेर पडणारी, ५० म्हणजे सोलेनॉइडला हुकूम देणारी. हे एवढे आकडे पाठ झाले की बऱ्याच गाड्यांचा वायरिंग डायग्राम अंगावर येत नाही.

आणि मग तो 'टिक'.

मी त्या आवाजाकडे परत परत कान देत राहिले. सोलेनॉइड ओढला जातो तेव्हा इंजिनच्या खालच्या बाजूने 'ठक्' असा दणकट आवाज येतो, तो पायांखाली जाणवतो. माझ्या गाडीतला आवाज हलका होता, कोरडा होता, आणि वरच्या बाजूने येत होता. घरातल्यांपैकी एकाला किल्ली फिरवायला बसवलं आणि मी फ्यूजच्या पेटीतल्या रिलेवर बोट ठेवलं. बोटाखाली बारीकसा ठोका पडला. त्या ठोक्याने अर्धं काम केलं. रिले वाजतोय म्हणजे किल्ली ठीक, क्लचचा स्विच ठीक, मध्ये परवानगी देणारे सगळे ठीक, कॉइल ठीक, तिचं अर्थिंग ठीक. संशयाची अर्धी वाट एका बोटाने साफ झाली, आणि कुठला भाग न उघडता. बिघाड शोधण्यात मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच. चांगला प्रश्न विचारला तर उत्तर निम्म्या गाडीला मोकळं करतं.

उरला रिलेपासून सोलेनॉइडपर्यंतचा तुकडा आणि स्वतः सेल्फ. त्याच तुकड्याच्या शेवटी मेकॅनिकला साडेबारा मिळाले होते.

मीटर खोटं बोलत नव्हता. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा अंतर्गत रोध साधारण एक कोटी ओम असतो, तो सर्किटमधून करंट जवळजवळ घेतच नाही. पाइप गाळाने भरलेला असला तरी नळ बंद असताना त्याच्या तोंडाशी दाब पूर्ण दिसतो. नळ उघडला की धार करंगळीएवढी. वायरीतली फक्त एक तार शिल्लक राहिली असली तरी मीटर साडेबाराच दाखवणार. सोलेनॉइडची भूक मात्र वेगळी आहे. त्याच्या गुंडाळ्यांचा मिळून रोध अर्ध्या ओमच्या आसपास, म्हणजे पहिल्या क्षणी त्याला वीस-तीस अँपिअर हवे असतात. समजा तो ०.४ ओमचा आहे. वाटेत कुठल्या जोडात आणखी ०.४ ओम तयार झाले, तर व्होल्ट निम्मे-निम्मे वाटले जातात आणि सोलेनॉइडच्या वाट्याला जेमतेम सहा येतात. तेवढ्यात तो हलत नाही. हे गणित ओमने १८२७ मध्ये छापलं, शाळेत सगळ्यांनी घोकलंय. पण वायर सोलेनॉइडवरून काढून मोजली की नेमका तोच क्षण हातून जातो, ज्यात दोष दिसणार असतो. सर्किट जोडलेलं असताना, करंट वाहत असताना मोजायला हवं. यावर माझं मत फार ठाम आहे: सेल्फच्या वाटेवर भाराशिवाय घेतलेल्या आकड्यावरून कुणी कुठलाही भाग बदलू नये.

म्हणून मी मीटरच्या दोन्ही पिनांना लांब वायरी जोडल्या. एक रिलेच्या ८७ वर, दुसरी सोलेनॉइडच्या ५० च्या पात्यावर, जोडणी न उघडता. अशा मापनात मीटर दाखवतो ते वाटेत हरवलेले व्होल्ट. चांगल्या वायरीत हा आकडा अर्ध्याच्या आत असायला हवा. वायरी पट्ट्यापासून आणि तापणाऱ्या पाइपांपासून दूर बांधल्या, खिडकीच्या फटीतून आत घेतल्या, मीटर शेजारच्या सीटवर ठेवला, आणि सगळ्यांत मोठा आकडा धरून ठेवेल असा लावला. सकाळची थंड गाडी, पहिल्या किल्लीला सुरू. मीटर बघितला तर जवळजवळ तीन.

मी तिथेच बसून राहिले. गाडी सुरू होती, व्यवस्थित चालत होती, आणि तिच्या वाटेत तीन व्होल्ट हरवत होते. म्हणजे 'कधी होतं, कधी नाही' हे खरंच नव्हतं. दोष रोज होता, प्रत्येक किल्लीला होता. गाडी त्यावर मात करून उठत होती, आणि जेव्हा जमत नव्हतं तेवढंच फक्त मला दिसत होतं. एवढे दिवस मी तिच्या अडण्याची वाट बघत होते. बघायला हवं होतं तिच्या सुरू होण्याकडे. इंजिन तापल्यावर का अडते, तेही यातच आलं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तीस अंशांवरून नव्वदवर गेलं की सोलेनॉइडच्या गुंडाळ्यांचा रोध जवळपास पाव हिश्शाने वाढलेला असतो, त्यामुळे त्यांची ओढ कमी झालेली असते, आणि सैल जोड उष्णतेने आणखी सैल. थंडीत जे निभावतं ते तापल्यावर निभत नाही.

नंतर एकदा बरंच अंतर चालवून थांबवल्यावर ती अडली. मला आनंद झाला, हे लिहायला हवं. मीटरवर सात होते. न्यूट्रल आणि हँडब्रेक पुन्हा तपासून, फ्यूज लावलेली वेगळी वायर बॅटरीच्या प्लसवरून क्षणभर सोलेनॉइडला टेकवली, आणि सेल्फ खणखणीत फिरला. तापलेल्या गाडीत, अडलेल्या अवस्थेत. त्याच्यावरचा आरोप तिथेच संपला. मग ८७ वरची पिन वायरीवरून टप्प्याटप्प्याने खाली आणली. वायरीतल्या मधल्या जोडापर्यंत, कप्लरपर्यंत, सात, कप्लरच्या पुढेही सात, म्हणजे इथवर सगळं शाबूत. हरवतंय ते शेवटच्या वीतभर अंतरात. सोलेनॉइडवर खोचायच्या लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या पितळी पात्याच्या, मुळाशी रबराची टोपी होती. तिला बोट लावलं तर चटका बसला. बारा अँपिअर वाहत असताना सात व्होल्ट हरवले तर चौऱ्याऐंशी वॉटची उष्णता होते, म्हणजे हेडलाइटच्या साठ वॉटच्या हॅलोजन बल्बपेक्षा जास्त, तीही नखाएवढ्या जागेत. किल्ली धरून ठेवली तेवढेच सेकंद, पण तेवढ्यात पुरेशी.

ती टोपी मागे सारून लग कापून काढला. तांब्याच्या तारा जिथे पितळी पात्यात दाबून बसवलेल्या होत्या तिथे हिरवी भुकटी होती, ओलसर, नखाने खरवडली की गळणारी. बऱ्याच तारा मुळाशीच तुटलेल्या. उरलेल्या काळ्या पडलेल्या, त्यांतल्या दोन-चार अजून चमकत होत्या. पाणी वायरीच्या आवरणाखालून आत शिरून तिथे साठत गेलं असणार. बाहेरून काही म्हणता काही दिसत नव्हतं. मला समाधान वाटलं, आणि त्याच वेळी थोडं रितंही वाटलं. इतक्या दिवसांची धास्ती, आणि हातात येतो तो हा चिमूटभर हिरवा चुरा. काळी पडलेली वायर मागे मागे कापत गेले, लखलखीत तांबं लागेपर्यंत, मग नवा लग नीट दाबून बसवला, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली.

मनात मात्र एक वेगळीच गोष्ट घर करून राहिली. मी त्या दिवशी "टाका नवीन" म्हटलं असतं तर काय झालं असतं? नवा सेल्फ बसला असता. तो बसवताना हाच लग काढला असता, परत खोचला असता, उरलेल्या तारा हलून पात्याला जरा घट्ट टेकल्या असत्या, आणि गाडी सुरू झाली असती. काही काळ सुरूच राहिली असती. मेकॅनिकला वाटलं असतं निदान बरोबर होतं, मलाही वाटलं असतं. निर्दोष सेल्फ भंगारात जाऊन कायमचा दोषी ठरला असता, आणि पुढे गाडी परत अडली की आम्ही नव्या सेल्फला नावं ठेवली असती. अधूनमधून दिसणाऱ्या बिघाडात चुकीच्या इलाजालाही यश येतं आणि ते खऱ्या यशासारखंच दिसतं. याची मला मनापासून चीड येते, कारण यात कुणी लबाडी केलेली नसते. दाराशी गाड्यांची रांग आहे, तापलेल्या गाडीची वाट बघत बसायला वेळ नाही, आणि भाग बदलला की गाडी सुरू होते, हा मेकॅनिकचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

आता माझ्याही दुरुस्तीला हाच नियम लागू होता. गाडी सुरू झाली, पण सुरू तर ती आधीही व्हायची. म्हणून मीटर काढला नाही. थंड गाडीत मोजलं, तापवून मोजलं, खाली वायर हलवत मोजलं. आकडा ०.२ च्या वर गेला नाही. तेव्हा कुठे वायरी गुंडाळून ठेवल्या.

कापलेला तुकडा घेऊन मी मेकॅनिककडे गेले. त्याने तो उजेडात धरला, पात्याची कड पकडीने उघडली, हिरवी भुकटी बोटावर घेतली. "पण मी साडेबारा बघितले होते, ताई." मी म्हटलं, तेही खरेच होते. वायर लावलेली असताना बघितले असते तर पाच दिसले असते. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, टेस्टलॅम्पने बघितलं असतं तर कळलं असतं का? आम्ही हिशेब केला. छोट्या बल्बला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, तो या सडक्या जोडातूनही बऱ्यापैकी लागला असता. मोठा भार हवा. त्याने खणातून हेडलाइटचा जुना बल्ब काढला, त्याला दोन वायरी आणि चिमटे जोडले आणि मध्ये माझा तुकडा घालून बॅटरीवर लावला. बल्ब पिवळट लागला. त्याने तुकडा बोटांत वाकवला, बल्ब पांढरा झाला. सोडला, पुन्हा पिवळा. हे त्याने परत परत करून बघितलं, हाताखालच्या मुलाला बोलावून त्यालाही दाखवलं.

मग उठून तो मागे गेला आणि भंगारात पडलेला एक सेल्फ उचलून आणला, कुठल्याशा गाडीतून बदललेला. वायसमध्ये आवळला, जंप केबलने बॅटरी जोडली, ५० वर वायर टेकवली. 'ठक्' झालं आणि सेल्फ जोरात फिरला. मुलगा म्हणाला, "चांगला आहे की!" मेकॅनिकने मान हलवली. "मोकळा फिरतोय रे. याच्यावर इंजिनचा भार कुठाय? यावरून काही सांगता येत नाही," असं म्हणून त्याने वायसचा दांडा सैल केला आणि ब्रश बघायला मागचं झाकण खोलायला घेतलं.